पाणी कुठलं, ते आधी बघा

उतारावरचं घर विकत घ्यायचं असेल, तर ते श्रावणात बघून घ्या. रत्नागिरीतलं आमचं घर आम्हाला दाखवलं गेलं ते एप्रिलमध्ये. रस्त्यावरून ते बैठं दिसतं, पण पोटात तळघराच्या दोन खोल्या आहेत आणि त्यांची मागची भिंत अख्खी डोंगराला टेकलेली. एप्रिलात तिचा रंग ताजा होता. जुलैत त्याच रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, खालच्या हातभर पट्ट्यात लोणा लागला आणि कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास येऊ लागला.

मग सल्ले सुरू झाले. कुणी वॉटरप्रूफ रंग सुचवला, कुणी छातीपर्यंत टाइल्स. भिंतीला काय फासायचं, हे जो तो सांगत होता. एका म्हाताऱ्या गवंड्याने मात्र उलट विचारलं, "पाऊस उघडल्यावर भिंत सुकायला किती दिवस लागतात?" आम्हाला सांगता येईना. तेव्हापासून कॅलेंडरवर पाऊस आणि ओल, दोन्हींची नोंद ठेवू लागलो. निम्मं निदान तिथेच झालं.

जोराची सर आली आणि तासा-दोन तासांत भिंत ओली झाली, तर पाणी वरवरचं: पागोळ्यांचं, तुंबलेल्या पन्हळीचं, नाहीतर घराकडे उतरणाऱ्या अंगणाचं. झड लागून दोन-तीन दिवस गेल्यावर ओल चढली आणि पाऊस थांबला तरी हटेना, तर ते जमिनीतलं. कोकणात याचा त्रास जास्त. जांभा सच्छिद्र असतो, पाणी भराभर पोटात घेतो. खाली चिकण माती लागली की ते पाणी उताराच्या दिशेने आडवं सरकतं. वाटेत तळघर आलं की तिथे साचतं.

मे महिन्यातही ओल कायम असेल, तर पावसाला बोल लावू नका. रात्री टाकी भरा, पंप आणि नळ बंद ठेवा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा; पातळी उतरली असेल, तर नळाचा पाइप गळतोय. सांडपाण्याचा पाइप यात पकडला जात नाही; त्यासाठी वरच्या मोरीत रंगाचं पाणी ओतून खालच्या भिंतीवर नजर ठेवावी लागते.

कधी कधी पाणी भिंतीतून येतच नाही. जमिनीला टेकलेली भिंत गार असते, दमट हवा तिला लागली की घाम सुटतो. पारखायला सोपं आहे. फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतला दमटपणा, प्लॅस्टिकच्या मागे आले तर भिंतीतली ओल. हवेचंच पाणी असेल, तर पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या सताड उघडल्याने ते वाढतं, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही.

आमच्याकडे छपराचं आणि जमिनीतलं, दोन्ही पाणी निघालं. छपराचा हिशेब करून बघा: हजार चौरस फुटांवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. आमच्या पन्हळीचा पाइप ते थेट जोत्याशी सोडत होता. तो लांब नेला, अंगणाचा उतार फिरवला, आणि तेवढ्याने बराच फरक पडला.

जमिनीतल्या पाण्याला मात्र बाहेरूनच वाट द्यावी लागते. भिंतीमागे मीटरभर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टनाचा रेटा बसतो. आतून मारलेला रंग त्यापुढे किती टिकणार? भिंतीमागे चर खणून बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं, तळाशी भोकांचा पाइप आणि खडी घातली, माती शिरू नये म्हणून भोवती जिओटेक्स्टाइलचं कापड गुंडाळलं आणि पाइपाचं तोंड प्लॉटच्या खालच्या अंगाला काढलं. हे काम इंजिनिअरला दाखवूनच करा. चर पायाच्या खाली जाता कामा नये, शिवाय अख्खी लांबी एकदम उघडली तर दरड अंगावर येऊ शकते. आगोटीच्या घाईत तर अजिबात नको.

आतल्या गिलाव्याची घाई करू नका, भिंत पुरती सुकू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा भिंतीत जिरतात. आणि पाइपाचं तोंड दर मे महिन्यात बघत जा. आमच्याकडे ते काजूच्या पाल्याने बुजतं.