सांगू नको म्हणणाऱ्या मुलाचं ऐकताना

प्रश्न : वर्षापूर्वी आम्ही लातूरहून चिंचवडला आलो. मुलगा सहावीत आहे. त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून मुलं चिडवतात, डबा लपवतात. ‘शाळेत सांगू नको’ म्हणतो. काय करू?
– एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, तक्रारीनंतर त्रास वाढेल, ही त्याची भीती खरी आहे. आधी निवांत ऐका. ‘तू गप्प का बसलास?’ असं विचारू नका. कधी, कुठे, कोणासमोर घडलं ते लिहून ठेवा. त्याला विश्वासात घेऊन वर्गशिक्षकांना एकांतात भेटा. वर्गासमोर त्याचं नाव घेऊ नये, हे स्पष्ट सांगा.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांतील तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीबाबत पुन्हा आदेश दिले. पेटी कधी, कोणासमोर उघडतात, हे पालकसभेत विचारा. नॉर्वेत १९८३ साली मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घेऊन छळविरोधी काम उभं केलं. तशी प्रश्नावली तुमच्या शाळेतही घेता येईल.

मुलाची झोप, भूक बिघडली तर समुपदेशकांकडे न्या. तातडीची मदत लागल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. चूक त्याच्या बोलीची नाही, हे त्याला रोज सांगा.