सोसायटीच्या गच्चीवर भाजीबाग: पैसे नेमके कुठे लागतात

गच्चीवर सामाईक भाजीबाग करायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न येतो, लागवडीच्या पिशव्या कितीला पडतील? त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी बाजूला काढा. लोकांचा वावर असलेली गच्ची भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण 150 किलो जादा भार धरून बांधतात. ओली माती दहा सेंटिमीटर अंथरली तरी ही मर्यादा गाठली जाते. म्हणून शेतातली माती वर नेऊच नका. गळती असेल तर वॉटरप्रूफिंगही आधीच उरकून घ्या.

बारा बाय बारा इंचांच्या शंभर पिशव्या धरू. चाळीस-साठ रुपयांची एक, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. त्या भरायला कोकोपीट आणि गांडूळखत विकत आणलं तर आणखी आठ-दहा हजार सहज जातात. हे पैसे मात्र वाचवता येतात. रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं बहुधा फुकट मिळतात. तळाला ती, वर सुका पालापाचोळा, मग घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, असे थर दाबून भरायचे. काही आठवड्यांत पिशवी बरीच खाली बसते; घाबरू नका, वरून भर घालत राहा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग फुलवली ती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्याच जोरावर.

बाग बंद पडते ती दुसऱ्या उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत शंभर पिशव्यांना रोज दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम दोन महिने पुरेल. सोसायटी आधीच टँकरवर असेल तर उन्हाळ्यात निम्म्या पिशव्या रिकाम्या ठेवा आणि उरलेल्यांवर पाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. मिरची तेवढी जगवा; मेथी-पालक पावसाळ्यानंतर.

माळी ठेवलात तर त्याचा पगार भाजीतून निघणार नाही, हे सभेत स्पष्ट सांगा. माझ्या मते पाणी घालायची पाळी घरटी वाटून घ्यावी, पण सुट्टीत गावी जाणाऱ्यांचा बदली माणूस आधीच ठरलेला असावा.

बागेचं खत सोसायटीतच करत असाल तर आणखी एक फायदा: पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात सवलत मिळते. तिचा अर्ज सोसायटीने जरूर करावा आणि वाचलेली रक्कम बागेच्या खात्यात वेगळी ठेवावी. पुढच्या मे महिन्यातला टँकर त्यातून येईल.