डोलकाठीची बैठक : छोट्या होडीची मोठी दुरुस्ती

नौकानयनाशी मुंबईचे नाते जुने आहे. 1982 साली दिल्लीस भरलेल्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धेतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि 'फायरबॉल' वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक पटकाविले. अशा छोट्या होड्या आज बहुधा फायबरग्लासच्या असतात. त्यांवर मुलांना शिक्षण देणाऱ्या संस्थांनी एका दुर्लक्षित भागाकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. तो भाग म्हणजे डोलकाठीची बैठक.

भार कोठे येतो?

डोलकाठी ताठ उभी राहते ती दोन्ही बाजूंच्या व नाळेकडील ताणदोरांमुळे. परंतु हेच दोर तिला खालीही दाबत असतात. वारा वाढला की हा दाब डोलकाठीच्या वजनाच्या कितीतरी पट होतो आणि तळहाताएवढ्या जागेवर एकवटतो. फायबरग्लासचे कवच चिवट असले तरी पातळ असते. म्हणून अनेक होड्यांत बैठकीखाली लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर काचतंतूंचे थर चढविलेले असतात.

दोषाचे मूळ बहुधा स्क्रूच्या छिद्रात असते. तेथून पाणी झिरपते, लाकूड कुजते आणि बैठक हळूहळू खचते. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. हीच खरी धोक्याची गोष्ट होय. भर वाऱ्यात बैठक बसली तर दोर सैल पडतात आणि डोलकाठी होडीतील मुलांवर कोसळू शकते.

लक्षणे कशी ओळखावीत?

ताणदोर घट्ट करूनही वारंवार सैल पडणे, बैठकीभोवती किरणांसारख्या बारीक भेगा दिसणे, स्क्रूच्या छिद्रातून तपकिरी पाणी येणे, ही प्रमुख लक्षणे आहेत. लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. निकोप भाग टणक वाजतो, तर कुजलेला भाग बद्द आवाज देतो. शंका आल्यास एक स्क्रू काढून पाहावा. भुसा ओला व काळपट निघाला की निदान पक्के समजावे.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम डोलकाठी उतरवावी आणि बैठकीची जागा व उंची मोजून लिहून ठेवावी. ही नोंद नसल्यास डोलकाठीचा कल बदलतो. त्यानंतर वरचे कवच कापून कुजलेले लाकूड पूर्णपणे काढावे. होडीच्या तळाच्या कवचास मात्र धक्का लागू देऊ नये. पोकळी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे व ती कित्येक दिवस वाळू द्यावी. ओलाव्यावर राळ धरत नाही. म्हणून कोकणात हे काम पावसाळ्यात न करता कोरड्या दिवसांत करावे.

नवा ठोकळा सागरी प्लायवुडचा वा टणक लाकडाचा घ्यावा. त्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना, इपॉक्सी राळ मुरवावी आणि घट्ट केलेल्या राळेत तो पोकळी न ठेवता बसवावा. जुन्या कवचाच्या कडा घासून उतरत्या कराव्यात. हा उतार जाडीच्या सुमारे बारापट असावा, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीस सुमारे 36 मिलिमीटर. मग विणलेल्या काचकापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा ठेवून, चढवावेत. तुकड्यांची काचचटई बहुधा पॉलिएस्टर राळेसाठी बनविलेली असते. तिच्यातील बंधक द्रव्य इपॉक्सीत नीट विरघळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

स्क्रूची छिद्रे प्रथम मोठी पाडून राळेने भरावीत व ती कठीण झाल्यावर त्यांतच नेमकी छिद्रे पाडावीत. यामुळे पाणी पुन्हा लाकडापर्यंत पोहोचत नाही. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील यांचा खाऱ्या पाण्यात थेट स्पर्श झाल्यास ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये प्लॅस्टिकची चकती घालावी. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. यास्तव शेवटी रंगाचा लेप आवश्यक आहे.

दक्षता

राळ व कठीणक यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे मोजूनच घ्यावे. कठीणक अधिक घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, उलट कच्ची राहते. भांड्यात साचलेली राळ तापते, त्यामुळे एका वेळी थोडीच कालवावी. पॉलिएस्टर राळेचा उत्प्रेरक आणि कोबाल्टचे प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यामुळे स्फोट होऊ शकतो. हातमोजे, चष्मा व योग्य मुखपट्टी वापरावी. काम मोकळ्या हवेत करावे आणि मुलांना दूर ठेवावे.

काम झाल्यावर डोलकाठी उभारून दोर क्रमाक्रमाने ताणावेत आणि दोन-तीन दिवसांनी ताण पुन्हा तपासावा. पहिली फेरी मंद वाऱ्यात, किनाऱ्यालगत आणि तरंगजाकिटे घालूनच करावी.

शाळा, पंचायत वा संस्था यांनी होडीची तपासणी-वही ठेवून तीत बैठकीसाठी स्वतंत्र रकाना राखावा आणि हंगामाच्या आरंभी तो स्वतः पाहून भरावा. न पाहता केलेली सही समुद्रावर उपयोगी पडत नाही. तेथे उपयोगी पडते ती वेळेवर मारलेली हातोडीची एक हलकी टिचकी.