गावची अंडी, गावची गरज

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्ल्यूची साथ आढळली. मोठ्या कुक्कुटशाळांत हजारो पक्षी दाटीने राहतात. तेथे असा रोग झपाट्याने पसरतो. निर्मूलनासाठी त्या परिसरातील परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. मोठ्या कुक्कुटशाळांमुळे अंडी मुबलक झाली हे खरे. परंतु धोकाही एकवटला. म्हणून गावची गरज शक्यतो गावच्या कुक्कुटपालकाकडून भागवावी. अंडे ताजे मिळते व पैसा गावात राहतो.

तथापि लहान खुराडे आपोआप सुरक्षित होत नाही. शेतकरी बंधूंनी राणीखेत ऊर्फ मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी व खुराडे कोरडे ठेवावे. अनेक कोंबड्या अचानक मेल्यास त्या विकू अथवा खाऊ नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.