रबराच्या झाडास चीकवाढीचें औषध : उत्पन्न कीं तगाई ?

रबराची लागवड मूळची केरळाकडची. तथापि दोडामार्ग, सावंतवाडी या बाजूस व गोव्यांत तिकडील लोकांनीं येऊन बागा केल्या, आणि त्यांचें पाहून आपल्यापैकीं कांहीं बागाइतदारांनींही डोंगरउतारावर रबर लाविलें. आतां चीक काढणारा जाणता गडी मिळेनासा झाला आहे. आणि ‘इथेफॉन’ नांवाचें औषध चोपडलें कीं चीक भरपूर येतो, अशी बोलवा सर्वत्र झाली आहे. ही बोलवा कितपत खरी व औषध कोणत्या मर्यादेंत वापरावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कागद लिहिण्यांत गेलें. शास्त्रज्ञ म्हणविण्याचा त्याचा अधिकार नाहीं. परंतु जमाखर्च पाहण्याची संवय आहे, आणि या विषयांत तीच उपयोगीं पडते.

प्रथम चीक कसा वाहतो तें पाहूं. खोडाच्या सालीच्या आंतल्या मऊ भागांत बारीक नळ्यांचीं वलयें असतात व त्यांत चीक दाटून भरलेला असतो. त्या चिकांत शेंकडा ३० ते ४० भाग रबर व बाकी बहुतेक पाणी असतें. पहांटे झाडांत पाण्याचा ताण पुरेपूर असतो, म्हणून त्या वेळीं काप घेतल्यास चीक जोरानें येतो. कांहीं तासांनीं कापलेल्या नळ्यांच्या तोंडाशीं चीक गोठतो, बुचें बसतात व वाहणें थांबतें. ही झाडानें स्वतःच्या रक्षणाकरितां केलेली योजना आहे.

इथेफॉन झाडाच्या अंगांत शिरलें म्हणजे त्यापासून इथिलीन वायु सुटतो. केळीं पिकतांना फळांत आपोआप उत्पन्न होतो तोच हा वायु. त्याच्या योगानें बुचें उशीरां बसतात व चीक अधिक वेळ वाहतो. नवा चीक बनण्यास कांहीं अंशीं चालना मिळते हें खरें; पण त्याकरितां लागणारी साखर शेवटीं पानांनींच करावयाची असते, व पानें तर औषधानें वाढत नाहींत. सारांश, औषध हें उत्पन्न नव्हे. ती तगाई आहे. तगाई घेऊन ज्यानें बैल घेतला तो तरला. ज्यानें ती सणांत उडविली त्याची जमीन गहाण पडली.

हा धडा लेखकानें पदरचें देऊन घेतला आहे. एक दिवसाआड चीक काढणें चालूच ठेवून त्यानें वीस झाडांस दरमहा औषध लाविलें. पहिल्या वर्षीं वाट्या भरून वाहिल्या, व शेजाऱ्यांस ती बाग मोठ्या अभिमानानें दाखविली. दुसऱ्या वर्षीं चीक ताकासारखा पातळ झाला. पुढें सात झाडांचा काप कोरडा पडला व साल तपकिरी होऊन तडकली. त्यांस दीर्घ विश्रांति दिली. पैकीं दोनच झाडें पुन्हां धरलीं. या कोरडेपणावर खात्रीचा उपाय नाहीं, तो टाळणें हाच उपाय. वीस-पंचवीस वर्षें चीक देणारें झाड दोन वर्षांच्या लोभानें गेलें, तर तो तोटा कोणत्या वहींत मांडावा ?

मग औषध वर्ज्यच समजावें काय ? नाहीं. तें काप *कमी करण्याच्या मोबदल्यांत* वापरावें. कोट्टायम येथील रबर संशोधन संस्थेनें या तत्त्वावरच आठवड्यास एक काप व त्यास औषधाची जोड ही पद्धति पुढें आणिली आहे. एक दिवसाआड कापल्यास वर्षांत दीडशेंहून अधिक काप पडतात. आठवड्यास एक काप घेतल्यास फार तर ५२. साल वांचते, एक गडी अनेक बागा सांभाळूं शकतो, आणि दोन कापांमधील दिवसांत झाडास चीक भरून काढण्यास अवधि मिळतो. या पद्धतींत शेंकडा २॥ तीव्रतेचें औषध सुमारें महिन्यास एकदां लावितात. तिसऱ्या दिवशीं काप असल्यास वर्षांतून दोन-तीन वेळांच पुरे. एक दिवसाआड काप घेणारानें औषधाच्या वाटेस जाऊं नये. आपल्या जातीच्या झाडास किती वेळां लावावें, हें रबर बोर्डाच्या अधिकाऱ्यास विचारून ठरवावें.

लावण्याचे नियम येणेंप्रमाणें :—

१. शेंकडा १० तीव्रतेचें तेलांतील औषध असल्यास एक भाग औषधांत तीन भाग पाम तेल किंवा खोबरेल मिसळावें. फळांकरितां विकलें जाणारें शेंकडा ३९ तीव्रतेचें औषध तसेंच झाडास लावूं नये.

२. कापाच्या लगत वर, नुकत्याच तासलेल्या सालीच्या अर्धा इंच रुंद पट्ट्यावर, ब्रशानें पातळ हात द्यावा. जास्त लाविल्यानें जास्त चीक येत नाहीं.

३. पुढील कापाच्या दोन-तीन दिवस अगोदर, कोरड्या दिवशीं लावावें. पावसाळ्यांत कापावर छत्री बांधलेली नसेल तर औषध धुवून जातें व पैसा वाया जातो.

४. नुकतीच कापास आलेलीं कोंवळीं, रोगट व ज्यांचा काप अर्धवट कोरडा आहे अशीं झाडें वगळावीं. पानगळीपासून नवी पालवी पक्की होईपर्यंत, तसेंच कडक उन्हाळ्यांत, औषध बंद ठेवावें.

५. हें औषध आम्ल आहे. तें कातडीस व डोळ्यांस भाजतें. हातमोजे व चष्मा घालावा. अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. तें धातूच्या भांड्यांत ठेवूं नये, त्यांत चुना वा राख पडूं देऊं नये, व मुलांच्या हातीं लागेल असें ठेवूं नये.

६. औषध लावणाऱ्या झाडांस खताचा हप्ता चुकवूं नये. अधिक चिकाबरोबर जमिनींतील अन्नही बाहेर जातें.

शेवटची गोष्ट हिशेबाची. वाटी किती भरली हें मोजूं नये. रबर किती निघालें हें मोजावें. औषधानंतर चिकांत पाणी वाढतें, म्हणून डोळे फसतात. महिन्यांतून एकदां ठराविक वजनाचा चीक आम्ल घालून गोठवावा, लाटून पूर्ण वाळवावा व पुन्हां तोलावा. शंभर भागांस ३० हून कमी रबर उतरूं लागलें कीं औषध तत्काळ बंद करून काप लांबवावा. कापाची लांबी कोठें कोरडी राहते काय, हेंही दर खेपेस पाहून झाडाच्या क्रमांकासमोर टिपावें.

एक साधी वही, त्यांत काप, औषधाची तारीख, रबराचें वजन व कोरडीं झाडें असे चार रकाने, एवढें ज्यानें ठेविलें त्यास औषध चाकरासारखें राबेल. ज्यानें ठेविलें नाहीं, त्याच्या बागेंत तें सावकार होऊन बसेल.