बर्फ लवकर वितळले तर उसाला पाणी कुठून?



आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाही. मग बर्फाचा धडा आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण उत्तर प्रदेशातील मेरठ-मुझफ्फरनगर भागातले आपले ऊसकरी बंधू हरिद्वारच्या गंगा कालव्यावर व कूपनलिकांवर ऊस पिकवतात. हा कालवा १८५४ साली सुरू झाला. त्यांच्या पाण्याची गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे.

बर्फ म्हणजे डोंगरावरचे बिनभिंतीचे धरण. दहा इंच भुसभुशीत बर्फाचे साधारण एक इंच पाणी होते. एकरी हिशेब केला तर ते लाखभर लिटर भरते. थंडीत साठलेले हे पाणी उन्हाळ्यात हळूहळू सुटते. देवप्रयागला गंगेच्या वर्षभराच्या प्रवाहात बर्फ व हिमनद्यांच्या वितळीचा वाटा सुमारे तीस टक्के धरला जातो. एप्रिल ते जून हा वाटा अधिक असतो, आणि उसाला पाण्याची खरी ओढ तेव्हाच असते.

आता हवा तापत चालली आहे. त्याचे परिणाम असे :

(१) उंचावर बर्फाऐवजी पाऊस पडतो. तो साठून राहत नाही, लगेच वाहून जातो.

(२) पडलेले बर्फ लवकर वितळते. नदीला पाणी आधी येते आणि ऐन मे-जूनमध्ये ओढ बसते.

(३) हिमनद्या झिजताना काही वर्षे पाणी वाढलेले दिसते. पण ती भांडवल मोडून केलेली चैन आहे. पुढे तेही घटते.

आता जमिनीखालचे पाहू. सावकाश वितळणारे पाणी डोंगराच्या भेगांत मुरते आणि झऱ्यांवाटे नदीला मिळते. पाऊस नसताना नदी वाहती राहते ती बरीचशी याच पाण्यावर. नेपाळमधील नद्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तिथल्या खडकांतून दरसाल फिरणारे पाणी बर्फ व हिमनद्यांच्या वितळीच्या सुमारे सहापट आहे. म्हणजे बर्फ घटले की नदीचा भार भूजलावर अधिक पडणार. पण भार वाढला म्हणून भूजल वाढत नाही. उलट कालव्याचे पाणी कमी झाले की शेतकरी कूपनलिका जास्त चालवतो, आणि कालव्यातून झिरपून होणारे भरणही घटते. दोन्हीकडून मार बसतो.

आपले काय? त्यांच्या पायाखाली शेकडो फूट खोल गाळ आहे, आपल्याखाली काळा पाषाण. त्यात पाणी राहते ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात. आपले बर्फ म्हणजे धरण आणि ही मुरमाची ओल. त्यांची कोठी मोठी असून त्यांना चिंता आहे. आपली तर मुळात लहान.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत लिहावी. खोडव्यातील पाचट न जाळता सरीत आच्छादन करावे. आणि लागणीपूर्वी मे महिन्याचे पाणी किती उरेल याचा अंदाज घेऊन तेवढ्याच क्षेत्रावर ऊस घ्यावा. उभा ऊस वाळला तर नुकसान सभासदाचेही होते आणि कारखान्याचेही.