ठेवू का गं?

जून उजाडला की आपल्या कोल्हापुरात पावसाआधी स्टेटस सुरू होतात. नवा गणवेश, नवं दप्तर, दारात उभं करून काढलेला फोटो. लेक नववीत गेली त्या सकाळी मीही ठेवला. खाली लिहिलं, 'आमची चिमणी नववीत!' संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी पाहिला आणि मी आपली खूश.

आठवड्यानं कुठल्याशा क्लासमधून फोन. "चिमणी नववीत गेली ना? मग दहावीचं काय ठरवलंय मॅडम?" चिमणी हे नाव शाळेच्या दाखल्यावर नाही, आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. माझा उतरलेला चेहरा बघून लेकीनं फोन हातात घेतला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. गळ्यातलं ओळखपत्र लख्ख वाचता येत होतं. पूर्ण नाव, तुकडी, रक्तगट, घरचा पत्ता, माझा नंबर.

"आई, फोटो माझा होता. मला विचारलंस?"

खरं सांगते, आधी रागच आला. आईनं आता लेकीची परवानगी काढायची? मी मंगळवार पेठेत वाढले. कुणाच्या घरी तांबडा रस्सा शिजतोय हे कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत कळायचं. मी कुणाची, कुठल्या शाळेत जाते, रंकाळ्यावर कुणाबरोबर दिसले, सगळ्यांना सगळं ठाऊक. तेव्हा काही बिघडलं नाही, मग आताच काय?

फरक उमगायला बरेच दिवस गेले. गल्लीत मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला मीही ओळखत होते. दूधवाल्या मामांना आमचं घर माहीत, तसं आम्हाला त्यांचं. कुणी वाकडं वागलं असतं तर आमची आई पदर खोचून त्याच्या दारात उभी राहिली असती. आणि त्या दोनशे जणांत? मी फोनमधले नंबर चाळून बघितले. कधीकाळी घरात फरशी बसवून गेलेला माणूस, जुन्या भाडेकरूचा भाऊ, एका लग्नात भेटलेल्या कुणी ताई. यांच्यातल्या कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?

माहिती बाहेर जाऊच द्यायची नाही, असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुंभार गल्लीतल्या मावशीचा पत्ता, नंबर, घरात माणसं किती, हे सगळं मीच ग्रुपवर टाकलं होतं. टाकायलाच हवं होतं. पण पाणी ओसरलं, मावशी घर धुऊन परत राहायला गेली, तरी तो मेसेज फिरतोच आहे. एकदा पुढं पुढं गेलेला मेसेज माघारी बोलावता येत नाही.

निकालाच्या दिवसाचंही तसंच. दहावीचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. आणि गुणपत्रिकेचा फोटो टाकून आपण दोन्ही एका दमात जगाला देतो. जन्मतारीख तर केकवर मेणबत्त्या लावून दरवर्षी सांगतोच. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या भामट्याला असेच तुकडे जुळवायचे असतात. (पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, घरात आधी भांडत बसू नका.)

७ जून २०२३ आपण कोल्हापूरकर कुणीच विसरलेलो नाही. आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, शेवटी इंटरनेटही बंद. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. त्या वादात मी इथं शिरत नाही. पण चोवीस तासांत आपोआप पुसलं जाणारं स्टेटस पोराच्या आयुष्याला किती वर्षं चिकटतं, हे त्या दिवशी दिसलं. आणि मनात आलं की ठेवलं, ही सवय मुलांनी घरातच बघितलेली असते. उगाच दुसरीकडं बोट कशाला दाखवा?

मग कायदा काय म्हणतो तेही बघितलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीनं पालकांची संमती घ्यावी, असं आहे. पण घरगुती वापर त्या कायद्यातून वगळलेला आहे. म्हणजे कंपनीनं मला विचारायचं, आणि मी लेकीला विचारायचं की नाही हे माझ्यावर सोडलेलं. फ्रान्सनं २०२४ मध्ये कायदाच केला, की मुलाचं चित्र जपणं ही आई-बाप दोघांची जबाबदारी, आणि त्यात वयाप्रमाणं मुलालाही सामील करून घ्यायचं. आपल्याकडं कायदा येईपर्यंत थांबायचं कशाला?

हल्ली मी विचारते. पहिल्यांदा तोंडातून शब्द निघेना, हसू यायला लागलं. ती 'नको' म्हणाली की अजूनही जरा टोचतं. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसली होती, इतकी गोड दिसत होती की माझं बोट स्टेटसवर गेलंच.

"ठेवू का गं?"

"नको. आजीला पाठव."

पाठवला. आजी तो फोटो घेऊन अख्ख्या गल्लीत फिरून आली. दारोदार दाखवला, पण स्वतःच्या हातात धरूनच. फोन कुणाच्या हातात म्हणून दिला नाही.